१९ हजार किलोमीटरची केमन घ्यावी, की ६१ हजारांची?

पत्र आलंय नाशिकहून. जागेअभावी थोडं कापून देतो.

"दादा, मी ४१ वर्षांचा. सातपूर एमआयडीसीत माझं छोटं मशिनिंग युनिट आहे. कॉलेजात असल्यापासून पोर्शे घ्यायचं डोक्यात आहे. नवी परवडणार नाही, पण गेल्या दोन वर्षांत ३२-३३ लाख बाजूला पडलेत, म्हणून पोर्शेची दोन दारांची स्पोर्ट्स कार केमन, सेकंडहँड, बघतोय. दोन गाड्यांवर येऊन अडलोय. पहिली मुंबईची, २००७ ची केमन एस, ३.४ लिटर, टिपट्रॉनिक म्हणजे जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. एकच मालक, फक्त १९ हजार किलोमीटर, २७ लाख सांगतायत. दुसरी बेंगळुरूची, जून २००९ चं रजिस्ट्रेशन, साधी केमन, पीडीके म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तीन मालक, ६१ हजार किलोमीटर, ३१ लाख. बिलांची जाडजूड फाईल आहे म्हणे. मित्र म्हणतात, डोळे झाकून मुंबईची घे. एवढं कमी रनिंग, वर 'एस', वर चार लाखांनी स्वस्त. पण नेटवर कुठल्यातरी बेअरिंगबद्दल वाचलं आणि झोप उडाली. बायकोचं एकच म्हणणं आहे: 'गाडी बंद पडली की माझी वॅगनआर मागायची नाही.' दोन्ही गाड्यांच्या आरसीचे फोटो जोडतोय. काय करू?"

तुमच्या पत्रातली सगळ्यात नेमकी ओळ वहिनींची आहे. तिच्याकडे शेवटी येतो. आधी आरसी.

दुसऱ्या गाडीच्या आरसीवर 'क्युबिक कपॅसिटी'च्या रकान्यात काय छापलंय ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही. २८९३. हा आकडा बघून मी खुर्चीत नीट सरसावून बसलो. आपल्याकडे आयात गाड्या कधीकधी महिनोन् महिने उभ्या राहतात आणि मग रजिस्टर होतात, त्यामुळे '२००९ ची' म्हणवणारी केमन आतून २००८ ची असू शकते. पोर्शेनं नेमकं त्याच सुमारास इंजिन बदललं. साध्या केमनचं जुनं इंजिन २६८७ सीसीचं, नवं २८९३ चं. 'एस'चं जुनं ३३८७, नवं ३४३६. रजिस्ट्रेशनची तारीख फसवू शकते, हा आकडा सहसा फसवत नाही. तुमच्या मुंबईच्या गाडीवर ३३८७ आहे, म्हणजे जुनं इंजिन. बेंगळुरूची नव्या इंजिनाची.

आता ते बेअरिंग. तुम्ही सातपूरला रोज हीच कामं करता, तेव्हा बेअरिंग म्हणजे काय हे मी सांगायला नको. जुन्या इंजिनात क्रँकवरून चेन जाते ती एका मधल्या शाफ्टवर, इंटरमीडिएट शाफ्टवर, आणि तिथून पुढे दोन्ही बाजूंच्या, व्हॉल्व उघडणाऱ्या कॅमशाफ्टना. या शाफ्टच्या फ्लायव्हीलकडच्या टोकाला एक सीलबंद बॉल बेअरिंग आहे. सीलच्या आत ग्रीस. वर्षं गेली की सील कडक होतं, गरम इंजिन ऑइल आत शिरतं, ग्रीस धुऊन नेतं, आणि मग ते बेअरिंग धड ग्रीसवर चालत नाही आणि धड ऑइलवरही नाही. ते तुटलं की टायमिंग गेलं, व्हॉल्व पिस्टनवर आपटले, आणि इंजिन भंगारात. शाफ्टचं बेअरिंग सीलबंद करून ऑइलपासून लांब का ठेवलं, हे डिझाइन करणाऱ्यालाच विचारायला हवं. तुमच्या एखाद्या हेल्परनंसुद्धा भुवया उंचावल्या असत्या.

पण नेटवरची भीती सगळ्या गाड्यांना सारखी लागू नाही. सगळ्यात बदनाम झालं ते साधारण २००० ते २००५ च्या दरम्यान वापरलेलं एकेरी रांगेचं छोटं बेअरिंग. त्यावरून अमेरिकेत सामूहिक दावाही झाला. त्या बेअरिंगच्या बिघाडाचा जो आकडा जाणकार सांगतात तो ८ ते १० टक्क्यांच्या घरात आहे. त्यानंतर कंपनीनं मोठं बेअरिंग घातलं आणि बिघाड खूपच कमी झाले. तुमच्या २००७ च्या 'एस'मध्ये हे मोठं बेअरिंग असणार. चांगली बातमी. त्याला चिकटून आलेली वाईट बातमी अशी की, आधीची बेअरिंग गिअरबॉक्स उतरवून मागून खेचून बदलता येत होती, हे येत नाही. बेअरिंग मोठं आणि इंजिनाच्या केसचं भोक लहान. बदलायचं तर अख्खी केस फोडा. म्हणजे शक्यता कमी झाली, पण आधीच बदलून निर्धास्त होण्याची सोयही गेली.

मला मात्र त्या 'एस'मध्ये बेअरिंगपेक्षा सिलिंडरची जास्त काळजी वाटते. त्याबद्दल तुम्ही वाचलेलं दिसत नाही, कारण गवगवा बेअरिंगचा होतो. या पिढीच्या इंजिनांत, आणि त्यातही ३.४ आणि ३.८ लिटरच्या मोठ्या इंजिनांत, सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे पडायचा त्रास आहे. भिंत ॲल्युमिनिअमची, सिलिकॉन मिसळून कठीण केलेली. पिस्टनच्या स्कर्टवर लेप. तो लेप झिजला की ॲल्युमिनिअमवर ॲल्युमिनिअम घासायला लागतं. इंजिन तापल्यावर शिलाई मशीनसारखी टिकटिक ऐकू येते, ऑइल प्यायला लागतं. आणि सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या कॉम्प्रेशन टेस्टमध्ये सुरुवातीचे ओरखडे धड पकडलेच जात नाहीत. आकडे छान येतात, विकणारा छातीठोकपणे कागद दाखवतो, आपण भुलतो. बघायचं तर बोअरस्कोप घालून डोळ्यांनीच बघायला लागतं. प्लगच्या भोकातून कॅमेरा, पिस्टन खाली नेऊन भिंतीचा तळाकडचा भाग. सहाच्या सहा सिलिंडर. 'चार बघितले, सगळे सारखेच असतात हो' असं कुणी म्हणालं तर नमस्कार करा आणि घरी या.

२८९३ वाल्या नव्या इंजिनात तो मधला शाफ्टच काढून टाकला, त्यामुळे बेअरिंगचा विषय मुळातच संपला. सिलिंडरचा ब्लॉकही नव्यानं केला, आणि ओरखड्यांची तक्रार तिथे फारच कमी ऐकू येते. त्याच वर्षी 'एस'ला थेट इंजेक्शन, म्हणजे सिलिंडरमध्येच पेट्रोल फवारणं, आलं, साध्या केमनला आलं नाही. काही लोकांना ते कमीपणाचं वाटतं. मला विचाराल तर जुनी गाडी घेताना जेवढं साधं तेवढं बरं. ताकदीचं म्हणाल तर जुनी 'एस' २९५ अश्वशक्तीची, ही २६५ ची. कसारा घाटात हा फरक तुम्हाला कळणार नाही, फक्त मित्रांना सांगताना कळेल.

आता किलोमीटरकडे येतो, कारण तुमच्या मित्रांची सगळी भिस्त त्यावरच आहे.

तुमच्या कारखान्यातल्या व्हीएमसी मशीनचं वय तुम्ही कशात मोजता? तासांत. गाडीचंही तसंच मोजून बघा. मुंबईच्या गाडीनं १९ हजार किलोमीटर मुंबईतच काढले असतील तर सरासरी वेग धरा ताशी २०. म्हणजे इंजिन ९५० तास चाललं. बेंगळुरूच्या गाडीचे मालक शनिवार-रविवारी म्हैसूर-कुर्गकडे जाणारे असतील तर सरासरी ४५ धरा, ६१ हजारांचे साधारण १,३५० तास होतात. किलोमीटरमध्ये गाड्या एकास तीन दिसतात, तासांत एकास दीडही नाहीत. त्यातले मुंबईचे तास थांबत-थांबत, गरम ट्रॅफिकमध्ये, पाच-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत गेलेले. आणि हा नुसता अंदाजाचा खेळ नाही. या गाड्यांच्या इंजिनाच्या कंट्रोल युनिटमध्ये एकूण तास साठवलेले असतात. पोर्शेचं निदान यंत्र असलेल्या गॅरेजमध्ये दहा मिनिटांत ते वाचता येतात. किलोमीटरला तासांनी भागा. ताशी ८० ची सरासरी आली तर भारतात हे शक्य नाही. मीटरशी कुणीतरी खेळलंय. आठ आली तर गाडी पार्किंगमध्ये नुसती चालू ठेवून बॅटरी जपलीय, आणि ते तर सगळ्यात वाईट.

बिनचालवलेली गाडी ही ताजी गाडी नव्हे. हे मी स्वतःच्या खिशातून शिकलोय. माझी पहिली दोन दारांची गाडी, कंपनीचं नाव सांगत नाही, १४ हजार किलोमीटरची होती. दादरच्या एका बिल्डिंगखाली कव्हर घालून ठेवलेली. आतल्या लेदरला अजून शोरूमचा वास. घेतल्यापासून तिसऱ्या रविवारी कसारा घाट चढताना एकदम गोडसर, काकवीसारखा वास आला. मला वाटलं बाहेरून येतोय. मग काच धुरकटली आणि तापमानाचा काटा लाल रेषेवर. कूलंटच्या प्लास्टिकच्या टाकीला शिवणीवर उभी चीर गेली होती. प्लास्टिक किलोमीटर मोजत नाही, उन्हाळे मोजतं. टाकी परदेशातून यायला पाच आठवडे लागले. तोवर गाडी इगतपुरीत एका ओळखीच्याच्या गोठ्याशेजारी उभी, आणि बॉनेटवर कोंबड्या.

त्यामुळे मुंबईच्या गाडीजवळ गेलात तर टायरची नक्षी बघून खूश होऊ नका, टायरच्या कडेला शेवटचे चार आकडे वाचा. २३१४ असेल तर २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी आणि रबर लाकडासारखं, अशा टायरवर समृद्धीवर जाणं म्हणजे आ बैल मुझे मार. एकोणीस हजारांच्या गाडीत टायर, होसेस, बेल्ट, ब्रेकचं तेल, बॅटरी, इंजिन माउंट हे सगळं वयानं गेलेलं असणार असं धरूनच हिशोब करा. पेट्रोलचंही तेच. आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, या गाड्या त्या मिश्रणासाठी बनलेल्याच नाहीत. चालत्या गाडीत ते निदान पुढे सरकतं. महिनाभर उभ्या टाकीत ते ओलावा ओढतं आणि जुन्या रबराला लागतं. चार लाखांचा फायदा इथेच वितळायला लागतो.

विकणाऱ्याची बाजूही मांडतो. एकच मालक असणं ही खरोखर चांगली गोष्ट आहे. त्या गृहस्थानं वर्षाला एकदा, किलोमीटर झाले नसले तरी, ऑइल बदललं असेल आणि त्याची बिलं असतील तर माझं मत थोडं हलेल. दरवर्षीची तारीख हवी, 'दहा हजार झाले की करायचो' नको. एकोणीस हजारांत मग एकदाच ऑइल बदललं गेलं.

ऑइल फिल्टर काढून बघायची परवानगी मिळाली तर ती सोडू नका. फिल्टरचा कागद सुरीनं कापा, घडी पांढऱ्या फडक्यावर उलगडा, दाबून ऑइल काढा आणि उन्हात धरा. तपकिरी, कुरकुरीत प्लास्टिकचे कण दिसले तर ते चेनच्या गाइडचे, एखाददुसरा कण असल्यानं आकाश कोसळत नाही. चमचमणारा भुगा दिसला तर त्यावरून लोहचुंबक फिरवा. चिकटला तर पोलाद, म्हणजे बेअरिंगचा संशय. न चिकटणारी रुपेरी चमक म्हणजे ॲल्युमिनिअम, म्हणजे पिस्टन-सिलिंडर. चिप बघून टूलची तब्येत ओळखणाऱ्या माणसाला हे जास्त सांगायला नको.

बेंगळुरूच्या गाडीला मी पास केलंय असं समजू नका. तिचं इंजिन चांगलं आहे, गाडी चांगली आहे की नाही ते बघायचंय. मला तिथे तीन गोष्टी खुपतात.

एक, पाणी. सप्टेंबर २०२२ मध्ये बेंगळुरूच्या पूर्वेकडच्या बंगल्यांच्या वसाहतींत महागड्या गाड्या छतापर्यंत पाण्यात उभ्या होत्या. त्याआधी डिसेंबर २०१५ ला चेन्नईत तेच झालं. त्यातल्या बऱ्याच गाड्या धुऊनपुसून बाजारात परत आल्या. सीटबेल्ट पूर्ण, शेवटपर्यंत बाहेर ओढा. जो भाग एरवी गुंडाळलेला असतो तिथे मातकट रेघ आहे का बघा. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का बघा. आणि विमा कंपनीकडून क्लेमचा इतिहास लेखी मागवा.

दोन, पीडीके. गिअरबॉक्स झकास आहे, पण आतला एखादा सेन्सर गेला तरी पूर्वी अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगत. आता सुटे उपाय करणारे आहेत, तरी खर्च दुखणारा. चढावर, रिव्हर्समध्ये, ट्रॅफिकमध्ये रांगताना धक्का बसतो का बघा. फाईलमध्ये गिअरबॉक्सचं तेल बदलल्याचं बिल शोधा. ते नसेल तर किमतीतून वजा करा.

तीन, कागद. गाडी १५ वर्षांपुढची आहे, म्हणजे कर्नाटकात तिच्या रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण झालेलं हवं. आरसीवरची वैधता बघा. कर्ज चढलेलं असेल तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५, मग एनओसीसाठी फॉर्म २८, हस्तांतराचे २९-३०, आणि एमएच नंबर घ्यायला फॉर्म २७. महाराष्ट्रात पुन्हा कर भरावा लागेल. तो आकडा एजंटकडून तोंडी घेऊ नका, नाशिक आरटीओत आरसीची प्रत दाखवून आधीच विचारून या. आयात गाडीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ४० हजार आहे, आणि वीस वर्षं उलटलेल्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून ८० हजार. मुंबईची गाडी २०२७ मध्ये त्या दारात उभी राहते. म्हणजे तिथेही स्वस्ताई वाटते तेवढी नाही.

तीन मालकांचं मात्र मला फारसं वाटत नाही. एवढ्या वर्षांत तीन हात बदलले, आणि तिघांची बिलं एका फाईलमध्ये आलीत, याचा अर्थ प्रत्येकानं ती फाईल जपून पुढे दिली. मी फाईल शेवटच्या बिलापासून उलटी वाचतो. वॉटर पंप कधी, कूलंटची टाकी कधी, पुढचे रेडिएटर साफ कधी केले. या गाड्यांचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन तोंडांत आहेत, तिथे पाला साचतो, ओला राहतो आणि एसीचा कंडेन्सर कुजतो. टॉर्च मारून बघा. पालापाचोळा भरलेला असेल तर फाईल जाड असली तरी माणूस वरवर पुसणारा आहे.

तर माझा कौल बेंगळुरूच्या गाडीला, तपासणीत पास झाली तर. पण ३१ लाखांना नाही. तुमच्याकडे ३२-३३ आहेत आणि ते सगळे गाडीत ओतायचा तुमचा बेत दिसतोय, तिथे माझा विरोध आहे. अशा गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात हवा. नवा कर, नंबर, पहिली मोठी सर्व्हिस, टायर यांतच त्यातले बरेच जातील. म्हणजे गाडी २६ च्या आसपास बसली पाहिजे. नाही बसली तर वर्षभर थांबा, गाड्या येत राहतात. कर्ज काढून ही गाडी घेऊ नका. हप्ता भरत असताना गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीइतकी घरातली हवा बिघडवणारी दुसरी वस्तू मी पाहिलेली नाही. आणि 'एस'वरच जीव अडकला असेल, तर सहा सिलिंडरचे बोअरस्कोपचे फोटो, तासांचा आकडा आणि फिल्टरचा कागद हे तिन्ही हाती आल्यावर मला पुन्हा लिहा. त्याआधी टोकनही देऊ नका.

आता वहिनींची अट. ती मान्य करा, शब्दशः. ही गाडी रोज सातपूरला न्यायची गाडी नव्हे. सुटा भाग जर्मनीहून यायला महिना लागू शकतो, आणि तो महिना तुमचं काम अडता कामा नये. म्हणजे तुमची आत्ताची रोजची गाडी विकायची नाही. पत्रात तुम्ही तिचा उल्लेखच केला नाहीत, त्यावरून मला शंका आलीय की ती विकूनच बजेट जमवलंय. तसं असेल तर वहिनी बरोबर आहेत आणि आपण दोघं चूक.

बेंगळुरूला जाल तेव्हा आदल्या संध्याकाळी पोचा, गाडी सकाळी बघा. मालकाला रात्रीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत स्टार्टर मारू नका. केमनचं इंजिन वरून दिसत नाही, मागची डिकी उघडली तर ऑइल आणि कूलंटची दोन झाकणं तेवढी दिसतात, त्यामुळे इंजिनाला हात लावून बघायची सोय नाही. सायलेन्सरच्या नळीला लावा. कोमट लागली तर कुणीतरी तुमच्याआधी गाडी तापवून ठेवलीय. भांडू नका. जवळपास कुठेतरी फिल्टर कॉफी घ्या, जेवा, आणि पाच तासांनी परत जा. किल्ली तेवढी बरोबर घेऊन जा.